अंगणातल्या झाडाच्या फळ्या दर उन्हाळ्यात फाटतात? भेग कुठे पडली ते आधी बघा

आमच्या स्वयंपाकघरात एक पोळपाट आहे. मे महिन्यात तो ओट्यावर घट्ट बसतो, जुलै लागला की डुगडुगतो आणि दिवाळीनंतर हळूहळू पुन्हा ताळ्यावर येतो. आई त्याला 'वेधशाळा' म्हणते. तो मीच केलेला आहे, परसातल्या आंब्याच्या फळीतून. त्या आंब्याच्या एकूण 18 फळ्या निघाल्या होत्या. पहिला उन्हाळा संपेपर्यंत 11 फाटल्या, दोन पिळल्या आणि तिघींखाली रोज सकाळी कणकेसारखी पूड पडायला लागली. उरल्या दोन. त्यातल्या एकीचा हा पोळपाट.

त्यानंतर कडुनिंब झाला, शिरीष झाला, मावसभावाच्या अंगणातलं शीशम झालं. मी काही सुतार नाही. बँकेतली नोकरी संपल्यावर लागलेला हा नाद आहे. पण इंदुरात ज्यांच्या दारातलं झाड वावटळीत पडतं किंवा घर वाढवताना काढावं लागतं, अशा ओळखीच्यांचे फोन आता मला येतात आणि तक्रार बहुतेक एकच असते. चिरून आणल्या तेव्हा फळ्या सरळसोट होत्या, दोन महिन्यांत फाटल्या, मागच्या खेपेलाही असंच झालं होतं, आता काय लावू? मी विचारतो, भेग कुठे आहे? टोकाला, मधोमध, की पाठीवर? समोरचा वैतागतो. पण टोकाच्या भेगेचं औषध मधल्या भेगेला चालत नाही, आणि पाठीवरच्या बारीक चिरांना तर औषधच नाही, नुसतं पथ्य आहे. म्हणून खाली भेगेच्या जागेप्रमाणे लिहितो आहे.

आधी आपल्या हवेचं

ताज्या ओंडक्यात पाणी किती असतं? कोरड्या लाकडाच्या वजनाच्या निम्म्याहून जास्त, काही झाडांत तर जवळजवळ वजनाइतकंच. ते दोन जागी असतं. लाकडाच्या बारीक नळ्यांच्या पोकळीत, आणि त्या नळ्यांच्या भिंतींत. पोकळीतलं आधी जातं. ते जाईपर्यंत लाकूड हलकं होतं, आकसत मात्र नाही. ओलावा 28-30 टक्क्यांवर आला की भिंतींतलं पाणी निघायला लागतं आणि आकसणं तिथून सुरू होतं. "महिनाभर काही नव्हतं हो, मग एकदम फाटली" असं जे सांगतात त्याचं कारण हे.

आकसणंही सगळीकडे सारखं नसतं. लांबीत जवळजवळ काही नाही. गाभ्याकडून सालीकडे जाणाऱ्या दिशेत थोडं. आणि वर्षवलयांच्या कडेकडेने, म्हणजे ओंडक्याला वळसा घालणाऱ्या दिशेत, त्याच्या साधारण दुप्पट. फाटणं, वाकणं, पोळपाटाचं डुगडुगणं, बहुतेक सगळं या दुपटीतून निघतं.

लाकूड कुठवर वाळणार ते हवा ठरवते. एप्रिल-मेच्या दुपारी आपल्याकडे आर्द्रता 20 टक्क्यांच्या आसपास उतरते, अशा हवेत लाकूड 4-5 टक्क्यांपर्यंत कोरडं व्हायला बघतं. ऑगस्टच्या झडीत आर्द्रता 80 च्या वर गेली की तेच लाकूड 15-16 टक्क्यांकडे चढायला लागतं. मालव्याच्या, म्हणजे आपल्या इंदूरकडच्या पठाराच्या, गार रात्रींचं कौतुक आपण पिढ्यान्‌पिढ्या करत आलो, पण गच्चीवरच्या फळीला दुपारही काढावी लागते.

इंटरनेटवरचे बहुतेक व्हिडिओ थंड, दमट देशांतले असतात. ते सांगतात, एक इंच जाडीला एक वर्ष धरा आणि वारा खेळेल अशा मोकळ्या जागी रचा. तिकडे लाकूड वाळत नाही ही अडचण आहे. इथे मेमध्ये ते आवरत नाही. मी आंबा मार्चअखेर चिरला आणि व्हिडिओत बघितलं तसं गच्चीवर, पश्चिमेचा वारा थेट लागेल असं रचलं. वर्षाचं काम लूने, म्हणजे उन्हाळ्यातल्या कोरड्या गरम वाऱ्याने, सहा आठवड्यांत उरकलं आणि मजुरी म्हणून 11 फळ्या नेल्या.

टोकाला भेगा

फळीच्या दोन्ही तोंडांना चार ते दहा इंच आत शिरलेल्या भेगा, मधलं अंग ठणठणीत. सगळ्यात जास्त दिसणारी तक्रार हीच, आणि टाळायला सगळ्यात सोपी.

लाकडातल्या नळ्या लांबीच्या दिशेने असतात. टोकाला त्यांची तोंडं उघडी पडतात आणि तिथून पाणी फळीच्या अंगाच्या मानाने 10 ते 15 पट वेगाने निघतं. टोक आकसायला बघतं, मागचं ओलं लाकूड त्याला आकसू देत नाही, मग टोक फाटतं. म्हणजे उपाय एकच: तोंडं बंद करा. आणि ती बंद करायची वेळ फळ्या चिरल्यावरची नाही. झाड आडवं झालं, ओंडके तोडले, त्याच दिवशी. मे महिना असेल तर त्याच तासात.

काय लावायचं? माझी पसंती मेणाला. दिवाळीच्या उरलेल्या मेणबत्त्या जुन्या पातेल्यात घालून ते पातेलं उकळत्या पाण्यात ठेवायचं आणि मेण वितळलं की जाड ब्रशने तोंडांना थापायचं. थेट गॅसवर वितळवू नका, मेण पेटतं. मेण नसेल तर घरात उरलेला ऑइल पेंट, दोन जाड हात. तोही नसेल तर फेव्हिकॉल, न पातळ करता, दोनदा. पाण्याचा डिस्टेंपर लावून काही होत नाही, त्यातून पाणी आरपार जातं. आमचे मिस्त्री सांगतात की त्यांच्या गावी ओंडक्याच्या तोंडाला शेणमातीचा गिलावा देतात. रात्रीची वेळ आहे, दुकानं बंद आहेत, तर तोही द्या. उघड्या तोंडापेक्षा काहीही बरं.

आता ही तक्रार पुन्हा पुन्हा का येते ते सांगतो, कारण हा मूर्खपणा मी स्वतः केला आहे. टोकाला भेग दिसली की आपण काय करतो? भेगेएवढं टोक कापून टाकतो. सहा फुटांची फळी साडेपाच झाली. नवं तोंड उघडं. पंधरा दिवसांनी तिथे पुन्हा भेग. पुन्हा कापलं. त्या 11 फळ्यांतल्या सात मी अशाच कापत कापत सहा फुटांवरून चार फुटांवर आणल्या आणि वर आंब्याच्या जातीला दोष देत बसलो. भेग पडलेलं टोक वाळवण पूर्ण होईपर्यंत कापायचं नाही. तिच्यावर मेण ओता, आणि तशीच राहू द्या. ते फाटलेलं टोक म्हणजे मागच्या चांगल्या लाकडाचं झाकण आहे. म्हणूनच ओंडका तोडताना हव्या त्या लांबीपेक्षा दोन्हीकडे सहा-सहा इंच जास्त ठेवतात.

शेवटी कापायची वेळ आली की किती कापायचं हेही डोळ्यांवर सोडू नका. केसासारख्या भेगा दिसत नाहीत. टोकाची अर्धा इंचाची चकती कापा आणि हाताने वाकवा. भेग शिल्लक असेल तर चकती तिथेच मोडते. आणखी एक चकती कापा, वाकवा. चिवट लागली की थांबा.

मधोमध, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत

ही भेग मेण लावूनही पडते. सगळ्या फळ्यांना नाही, ओंडक्यातल्या एखाद-दोन फळ्यांनाच. तुमच्या फाटलेल्या फळीचं तोंड बघा. बारीक गोल वलयं आणि त्यांच्या मध्यात पेन्सिलच्या शिशाएवढा ठिपका दिसला तर निदान झालं. ती झाडाची नस. झाड रोप होतं तेव्हाचं ते लाकूड, आणि नसेभोवतीची पहिली काही वलयं असतात ती कच्च्या वयाची, वेडीवाकडी आकसणारी. शिवाय नसेभोवती वलयं पूर्ण गोल असतात. वळसा घालणारी दिशा दुपटीने आकसते म्हटलं ना, मग तो पूर्ण गोल लहान होणार कसा? कुठेतरी उघडायलाच हवा.

इथे आरा मशीनवर माझा नेहमी वाद होतो. मिस्त्री म्हणतात, "साहब, बीच की लकड़ी तो सबसे पक्की होती है." त्यांचं अर्धं बरोबर आहे. सालीलगतचं पांढरट लाकूड कच्चं आणि आतलं गडद लाकूड पक्कं, हे खरंच. पण पक्कं लाकूड वेगळं आणि त्याच्या पोटातली नस वेगळी. चिरताना सांगायचं ते असं: ओंडका नसेवरून दोन भागांत उघडा, किंवा नस पोटात घेऊन अडीच-तीन इंचांचा एक चौकोनी तुकडा बाजूला काढा. तो तुकडा सरपणाला द्या, बागेत खांब म्हणून रोवा, पण फळीत मोजू नका. आरा मशीनवाला सरळ एकाखाली एक फळ्या पाडतो, कारण त्यात संख्या जास्त निघते आणि आपल्यालाही संख्याच ऐकायची असते. 18 फळ्या निघाल्या म्हणून मी घरी पेढे आणले होते.

फांदीच्या फळ्या काढण्याचा मोह होतो, विशेषतः आंब्याची फांदी मांडीएवढी जाड असते तेव्हा. नको. आडवी वाढलेली फांदी जन्मभर स्वतःचं वजन पेलत असते आणि तो ताण तिच्या लाकडात मुरलेला असतो. वरची बाजू एका तऱ्हेने आकसते, खालची दुसऱ्या. भिंतीवर कललेल्या खोडाचंही तसंच. निलगिरी तर उभ्या सरळ खोडातही इतका ताण धरून असतो की तोडताक्षणी तोंड तडकतं. पाट, खुंट्या, लाटणी अशा आखूड वस्तूंना फांदी चालते, लांब फळीला नाही.

पाठीवर बारीक चिरा

नखाने खरवडल्यासारख्या, अंगभर, काही इंच लांब. या लूच्या चिरा. वरचा थर झपाट्याने वाळून ताणला गेला आणि आतला ओला होता. वरून दिसतात त्यापेक्षा खोल असतात आणि पावसाळ्यात फळी फुगली की मिटतात. लोक खूश होतात, रंधा मारतात, पॉलिश करतात. पुढच्या एप्रिलमध्ये त्याच जागी त्याच चिरा. फेव्हिकॉल आणि भुसा भरून काही उपयोग नाही. चीर मिटायला बघते तेव्हा तो भरलेला गोळा पाचरीचं काम करतो आणि तिला आणखी पुढे नेतो.

इथे सगळा खेळ रचण्याचा आणि वेळेचा आहे.

वेळेचं म्हणाल तर झाड काढणं तुमच्या हातात असेल तर नोव्हेंबर-डिसेंबरात काढा. थंडीत फळी सावकाश पाणी सोडते, किडे-बुरशीही आळसावलेले असतात, आणि होळीपर्यंत इंचाची फळी आकसण्याचा नाजूक टप्पा बराचसा पार करून गेलेली असते. मग लू आली तरी तिला फार काही करता येत नाही. मी कडुनिंब डिसेंबरात चिरला. 14 फळ्यांतली एक फाटली, आणि तीही नसेचीच होती, हट्टाने ठेवलेली.

पण वावटळ विचारून येत नाही. मेमध्ये झाड पडलं तर दोन रस्ते. घाई नसेल तर ओंडके चिरूच नका. तोंडांना मेण लावा, साल राहू द्या, विटांवर उचलून सावलीत ठेवा. शीशम किंवा कडुनिंब असा थांबतो. आंबा नाही थांबत, पहिल्या पावसात त्याला बुरशी चढते, तो पाऊस यायच्या आत चिरावाच लागतो. तेव्हा फळ्या गच्चीवर न्यायच्या नाहीत. खालची खोली, गॅरेज, जिन्याखालची जागा, जिथे ऊन नाही आणि वारा थेट नाही अशी जागा बघा. माझ्याकडे खोली नव्हती म्हणून मी थप्पीच्या पश्चिमेला आणि दक्षिणेला गोणपाट टांगले. वारा आत येतो, पण पाय घासत येतो. जूनच्या मध्यावर हवा बदलली की गोणपाट काढून टाकायचे, नाहीतर आत बुरशी माजते.

रचताना जमिनीपासून दीड फूट उंच घ्या. फळ्यांमध्ये एक इंची चौकोनी पट्ट्या, दर दीड फुटावर, आणि खालच्या पट्टीच्या बरोबर डोक्यावर वरची पट्टी. ही ओळंब्यातली सरळ रेष चुकली की मधल्या फळ्या झोपाळ्यासारख्या लोंबतात आणि तशाच वाळतात. पट्ट्या वाळलेल्या लाकडाच्या हव्यात. त्याच झाडाच्या ओल्या काड्या वापरल्या तर प्रत्येक पट्टीखाली फळीवर काळपट आडवा पट्टा उमटतो आणि तो रंध्याने जात नाही. वरून पत्रा, बाजू मोकळ्या. थप्पी ताडपत्रीत गुंडाळून ठेवणारे बरेच भेटतात. ते लाकूड वाळवत नाहीत, आंबवतात. पत्र्यावर वजन ठेवा. माझ्या थप्पीवर आजीचा पाटा आहे, वरवंट्यासकट. आईला हे अजून नीटसं कळलेलं नाही.

वाळलं हे कसं कळतं

"वाजवून बघा", "हलकं लागतं का बघा" हे अनुभवी हाताला जमतं. आपल्यासाठी तराजू. ओलावा मोजायचं पिनांचं यंत्र मिळतं आणि सोयीचं आहे, पण ते पिना घुसतील तिथलंच सांगतं, जाड फळीच्या पोटातलं नाही. घरातली रीत अशी: फळीच्या टोकापासून फूटभर आत, तिथला इंचभर रुंदीचा आडवा तुकडा कापा. लगेच वजन करा. मग ओव्हनमध्ये 100 ते 105 अंशांवर ठेवा आणि तास-दोन तासांनी वजन करत राहा. दोन वजनं सारखी आली की पाणी संपलं. माझा एक तुकडा 148 ग्रॅमचा होता, शेवटी 118 वर थांबला. 30 ग्रॅम पाणी गेलं, त्याला 118 ने भागलं, म्हणजे 25 टक्के. वाजवल्यावर तो छान खणखणत होता बरं का. त्या फळीला पुढे अजून चार महिने दिले.

सामान करायला घ्यायचं तर आपल्याकडे 8 ते 11 टक्क्यांच्या मध्ये कुठेतरी फळी स्थिरावलेली हवी. दर वेळी तुकडा कापायचा नसेल तर एका फळीवर खडूने खूण करा आणि महिन्यातून एकदा तीच फळी काट्यावर ठेवा. वजन उतरायचं थांबलं की हवेशी तिचा हिशेब जुळला. मात्र हे मोजमाप ऑगस्टात करून फसू नका, तेव्हा सगळ्याच फळ्यांचं वजन थांबलेलं असतं.

वाकली, पिळली

फळीला पन्हाळीसारखा बाक आला असेल तर तिचं तोंड बघा. वलयांच्या कमानी दिसतील. वाळताना त्या कमानी सरळ व्हायला बघतात, म्हणून फळीच्या सालीकडच्या बाजूला खळगा पडतो. ज्या फळीत वलयं उभी, म्हणजे पाठीला काटकोनात असतात, ती फारशी वाकत नाही. माझ्या वेधशाळेची गोम हीच आहे. तो पोळपाट कमानीच्या फळीचा निघाला. नंतरचे दोन मी ओंडक्याच्या मध्याजवळच्या, पण नस टाळून काढलेल्या, उभ्या वलयांच्या फळीचे केले. ते बारा महिने बसतात. वापरात अजून जुनाच आहे, कारण आईला त्याची उंची आवडते.

पीळ वेगळा. चारांपैकी एक कोपरा वर. रचण्यात चूक नसेल तर झाडाचे रेषेच मळसूत्री होते असं समजा. उभ्या झाडाच्या सालीवरच्या भेगा खोडाला वळसे घालत वर जात असतील तर फळ्या पिळणार हे चिरण्याआधीच कळतं. अशा फळीचे आखूड तुकडे करून छोट्या वस्तू कराव्यात, भांडू नये. कडुनिंबाचं आणखी एक खोडसाळपण म्हणजे त्याचे रेषे थराथराने उलटसुलट असतात, रंधा एका बाजूने गुळगुळीत जातो आणि चार इंचांवर सालपटं उपटतो. धार ताजी, पातं अगदी कमी बाहेर, आणि रंधा तिरका धरून चालवा.

खाली पीठ पडतंय

फळीवर टाचणीच्या डोक्याएवढी किंवा त्याहून बारीक गोल भोकं आणि खाली मैद्यासारखी पूड. घुण लागली म्हणतात ती ही. वाळवी नव्हे, वाळवी माती आणते. हा बारीक भुंगा सालीलगतच्या कच्च्या लाकडातल्या पिष्टावर जगतो आणि आंब्यात त्याला मेजवानी असते. भोकं दिसतात ती तो बाहेर पडल्याची. आत किती आहेत ते कळत नाही, म्हणून भोकांत काहीतरी टोचत बसण्यात अर्थ नाही. रॉकेल उडून जातं, वास तेवढा राहतो.

औषध फळ्या ओल्या असतानाच द्यायचं. एक लिटर गरम पाण्यात 30 ग्रॅम बोरॅक्स, म्हणजे टाकणखार, आणि 20 ग्रॅम बोरिक पावडर पूर्ण विरघळवा आणि चिरल्याच्या दिवशीच फळीच्या सगळ्या बाजूंना ब्रशने भरपूर पाजा. मग दोन-तीन दिवस थप्पी झाकून ठेवा. ओल्या लाकडात हे क्षार पाण्याच्या वाटेने आत सरकतात. वाळलेल्या फळीवर ते वरच्या वर राहतात, म्हणून पीठ पडायला लागल्यावर केलेला हा उपाय अर्धवटच चालतो. पावसात भिजणाऱ्या वस्तूला याचा भरवसा नाही, धुऊन जातं. पोळपाट, लाटणं, पाट, ताटात-पोटात जाणाऱ्या कशालाही हे लावू नका. तिथे उष्णता वापरा. लाकूड आतपर्यंत 56 अंशांवर अर्धा तास राहिलं की कीड मरते, परदेशी जाणाऱ्या लाकडी खोक्यांना जगभर हाच नियम आहे. वाळलेला इंचभर जाडीचा पोळपाटाचा तुकडा ओव्हनमध्ये 65-70 अंशांवर तीन-चार तास ठेवला की काम होतं.

आणि "कडुनिंबाला कीड लागत नाही" यावर विसंबू नका. आतल्या लालसर लाकडाला सहसा लागत नाही. कडेच्या पांढऱ्याला लागते.

निळे-काळे डाग, आणि आरा मशीनवाल्याचा नकार

ओंडक्याच्या तोंडावर शाईसारखा निळा-काळा ओघळ एकाच जागी दिसला तर आत लोखंड आहे. लाकडातलं टॅनिन आणि गंजलेलं लोखंड मिळून शाईच तयार होते. अंगणातलं झाड म्हणजे तीस-चाळीस वर्षांची कपड्यांची दोरी, गणपतीच्या माळांचे खिळे, झोपाळ्याचा हूक. झाड ते सगळं गिळून वर साल चढवतं. म्हणूनच आरा मशीनवाले घरच्या झाडाला नाही म्हणतात, एका खिळ्यात त्यांचं पातं जातं. जमिनीपासून सहा फुटांपर्यंतचा भाग धातू शोधायच्या यंत्राने तपासून खडूने खुणा करून न्या, मग ऐकतात. पांगलेले राखाडी-निळे पट्टे मात्र बुरशीचे असतात, ओंडका पावसात पडून राहिल्याचे. त्याने ताकद फारशी जात नाही, रूप जातं.

दुसरा नकार कागदांचा असतो, आणि तो बरोबरच आहे. शहरी भागात स्वतःच्या अंगणातलं झाड तोडायलाही मध्य प्रदेशात 2001 च्या वृक्ष परिरक्षण कायद्याप्रमाणे परवानगी लागते, आणि आरा मशीन चालवणाऱ्यांवर 1984 चा काष्ठ चिरान कायदा आहे. पडलेल्या झाडाचे फोटो पडल्या जागी काढून ठेवा, परवानगीचा कागद ओंडक्यांबरोबर गाडीत असू द्या.

टेबल झालं, मग फाटलं

सगळं नीट वाळवलं, आणि तयार टेबल दुसऱ्या उन्हाळ्यात फाटलं. इथे लाकूड निर्दोष असतं, जोडणी गुन्हेगार. वाळलेलं लाकूडही ऋतूप्रमाणे श्वास घेतल्यासारखं रुंदीत कमी-जास्त होत राहतं. ढोबळ हिशेब असा की ओलावा 4 टक्के बदलला की रुंदी साधारण 1 टक्का बदलते. घरात वर्षभरात 6 टक्क्यांचा फरक पडला तर 24 इंचांचं टेबल जवळजवळ तीन सूत (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) हलतं. खालच्या चौकटीला ते चारी बाजूंनी स्क्रूने आवळलं असेल तर ते हलणार कुठे? फाटून जागा करतं. स्क्रूची भोकं रुंदीच्या दिशेने लांबट करा, वॉशर घाला, आवळताना जीव घेऊ नका. रामबागेतल्या आमच्या जुन्या वाड्याची दारं आठवतात. चौकटीच्या खाचेत फळी नुसती सरकवलेली असायची, ना खिळा ना सरस. लहानपणी ती खडखडायची म्हणून आम्ही कागदाच्या घड्या कोंबायचो आणि आजोबा ओरडायचे.

फाटलेल्या टेबलाची भेग बुजवायची तर आधी स्क्रू सैल करा आणि एक पूर्ण वर्ष ती कशी उघडते-मिटते ते बघा. मग खालून डमरूच्या आकाराचे कडक लाकडाचे दोन-तीन तुकडे भेगेवर आडवे बसवा, शीशम उत्तम. पॉलिश किंवा जवसाचं तेल वरून लावाल तितकंच खालूनही लावा. एकाच बाजूला लावलं तर दुसरी बाजू ओलावा घेत राहते आणि टेबल वाकतं. तेलाच्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात फेकू नका, आपोआप पेटतात. पसरून वाळवा, मग टाका.

आणि भेग नाही, नुसता बाक आला आहे, तोही ऐन मेमध्ये, तर कूलर कुठे आहे ते बघा. आमच्याकडे तो बैठकीच्या खिडकीत होता आणि शिरीषाचं टेबल त्याच्या झोतात. वरची बाजू दिवसरात्र दमट वारा खात होती, खालची कोरडी. टेबलाच्या कडा खाली झुकल्या आणि मधला भाग फुगला. रंधा मारायची घाई करू नका. टेबल झोतातून हलवा, पंधरा दिवस थांबा आणि पट्टी आडवी ठेवून पुन्हा मोजा.